बंद लाईनवर आलेला फोटो

भूतखेत, करणी, दैवी संकेत... यातलं काहीच मी मानत नाही, हे आधीच सांगतो. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे आजोबांनीच कायमचे बंद केलेले. त्यात मी पारनेरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. म्हणूनच हा अनुभव लिहायला इतकी वर्षं लागली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हौसेनं घरी कॉम्प्युटर आणि मोडेम घेतलेला. फोनच्या वायरवरून नगरचा नंबर लावायचा, मोडेम किंचाळायचा आणि नशीब असेल तर इंटरनेट लागायचं. स्पीड म्हणाल तर बैलगाडी बरी!

माझी धाकटी बहीण सुनंदा तेव्हा कॅनडात होती. तिला मुलगी झाली आणि तिच्या नवऱ्यानं बाळाचा फोटो त्यांच्या वेबपेजवर टाकला. इकडे आईला काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन नगरला ठरलेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं — आहे ती नजर टिकेल किंवा जाईलही. आईचं एकच म्हणणं होतं, त्याआधी नातीचं तोंड बघायचं.

आठवडाभर मी धडपडत होतो. फोटो वरून खाली सरकत उघडायचा. कपाळ दिसायचं, पिवळ्या झबल्याची कड दिसायची... की लाईन कट. पुण्याच्या एका मित्रानं सांगितलं, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन मोडेमच्या पोर्टचा स्पीड वाढवून बघ. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मी ते सेटिंग बदललं आणि नंबर लावला.

मोडेम किंचाळला नाही. एकदम शांत. मला वाटलं, बिघडला. पण स्क्रीनवर 'कनेक्टेड' आलं आणि फोटो पडदा सोडावा तसा सरकन खाली उतरला. अख्खा. लाल टोपी घातलेलं, जांभई देणारं बाळ.

आईला खुर्ची ओढून दिली. ती काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत बसली. मग म्हणाली, "नाक माज्या आईचं हाय." बायकोनं डोळे पुसले. मी पोर्टच्या सेटिंगवर खूश!

सुनंदाला कळवावं म्हणून फोन उचलला, तर डायल टोनच नाही. मोडेम बंद केला, वायर काढून लावली. तरी नाही. तक्रार द्यायला निघालो, तर स्टँडजवळ टेलिफोनचा लाईनमन भेटला. रस्त्याचं खोदकाम चाललेलं, केबल तुटलेली.

"सर, तुमची सगळी गल्ली सकाळधरनं बंद हाय," तो म्हणाला.

मी सांगितलं, आत्ताच माझं इंटरनेट चालू होतं. त्यानं मला खड्ड्यातली तुटलेली टोकं दाखवली.

घरी येताना मनाची समजूत घातली — आधी उतरलेला फोटोच कॉम्प्युटरनं साठवून ठेवला असेल. संध्याकाळी आईला घेऊन नगरला पोचलो, तेव्हा एसटीडी-आयएसडी बूथवरून सुनंदाला फोन केला. ती हसून म्हणाली, "दादा, पिवळ्या झबल्यातला फोटो अंधारा आलेला, म्हणून मध्यरात्री बसून बदलला. लाल टोपीतला दिसला ना?"

तिकडची मध्यरात्र म्हणजे इकडे सकाळ उलटलेली; तोवर आमच्या गल्लीची लाईन बंद पडली होती.

ऑपरेशननंतर आईला उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण तिनं कधी कुरकुर केली नाही. आल्यागेल्याला नातीची जांभई करून दाखवायची आणि स्वतःच हसायची. त्या काळात आमचं घर खरोखर आनंदात होतं.

केबल जोडल्यावर मी तेच सेटिंग ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. मोडेम पूर्वीसारखाच किंचाळायचा, लाईन पूर्वीसारखीच तुटायची. टेलिफोन खात्यातल्या ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं, तो म्हणाला तुझी काहीतरी गफलत झाली असेल. असेलही... कुठे, ते मला अजून सापडलेलं नाही.

एकदा आईलाच म्हणालो, तुटलेल्या वायरीतून फोटो कसा आला, हे काही केल्या मला कळत नाही.

ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुला न्हाई कळलं तर न्हाई. मला दिसली की."