दारापाशी न थांबणारी बाई

स्टुडिओत त्याला सगळे 'पावलंवाले' म्हणत. मालिकेच्या चित्रीकरणात नटांचं बोलणं तेवढं नीट टिपलं जातं. चालणं, कपबशा ठेवणं, किल्ल्या खुळखुळणं हे आवाज नंतर बंद खोलीत, पडद्याकडे बघत कुणाला तरी नव्यानं काढावे लागतात. तो कुणी तरी म्हणजे हा गृहस्थ. वय छप्पन्न, मिशा भरघोस आणि पायांत वेळप्रसंगी बायकांच्या टाचेच्या सँडल. पाय लहान असल्यामुळे बायकांचे जोड त्याला बरोब्बर होत, आणि या एका गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

सध्याच्या मालिकेची नायिका अंथरुणाला खिळलेल्या बापाचं करायला येऊन राहिलेली, पण डोळा सगळा घरावर. गोड बोलणं तिला ठाऊक नाही. नर्सला पिटाळते, पाहुण्यांच्या चहात साखर मोजून घालते. तिला कुणी बरं म्हणत नसे आणि तिचा एकही भाग कुणी चुकवत नसे. पावलंवाल्याची ताई तर रोज संध्याकाळी सात वाजता खास तिला शिव्या घालायला भावाकडे येई. टीव्ही तिच्याही घरी होता. पण एकटीनं शिव्या घालण्यात काय राम?

खरी गोम अशी की त्या नायिकेची चाल त्यानं ताईचीच उचलली होती. टाच आधी, ठाम, दणदणीत; मध्ये कुठे अडखळणं नाही. त्यांचे वडील आजारी होते तेव्हा चार वर्षं ताई घरात अशीच फिरायची. वडील गेल्यावर कळलं, घर तिनं आपल्या नावावर करून घेतलंय. तो बायकोला घेऊन भाड्याच्या जागेत आला. बोलणं तुटलं नाही, पण मनात एक अढी बसली ती बसलीच. पावलं काढताना मात्र ती उपयोगी पडे. ताईच्या हे लक्षात आलं तर, या धास्तीनं रोज सातच्या ठोक्याला तो टीव्हीचा आवाज हळूच कमी करी.

एका सोमवारी दिग्दर्शिकेनं त्याला बोलावलं. "काका, वरून सांगणं आलंय. लोकांना ही बाई आवडायला हवी, नाही तर महिन्याभरात मालिका गुंडाळणार. तुम्ही एक करा. बापाच्या दारावरून जाताना तिची पावलं जरा थांबवा. कॅमेरा आत म्हाताऱ्यावर आहे, ती दिसतच नाही."

"पण ती थांबणारी बाई नाही, मॅडम."

"माहितीये मला. पण उद्या सकाळी हवंय. नाही तर कॉम्प्युटरमधली तयार पावलं लावते. त्यांच्याशी वाद घालावा लागत नाही."

ती हसली. त्याला हसू आलं नाही. तयार पावलं एकदा घुसली की आपल्याला नारळ मिळणार, हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता.

अवघड प्रसंग असला की सँडल घरी आणून तालीम करायची, ही त्याची जुनी सवय. बायकोला त्याचं काही वाटत नसे. खालच्या मजल्यावरच्यांना काय वाटे ते त्यांनाच ठाऊक. त्या संध्याकाळी तो पॅसेजमधून चालला, मधल्या दारापाशी श्वासभर थांबला, पुन्हा चालला. "छान वाटतंय की," बायको म्हणाली. त्यालाही छान वाटत होतं, आणि तिथंच पाणी मुरत होतं. ते थांबणं गोड होतं आणि शुद्ध खोटं होतं. आठव्या खेपेला तो थांबला तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "का थांबलास?"

ताई केव्हाच येऊन बसली होती. त्याच्याकडे पाठ करून चहा पीत होती.

"मालिकेतली बाई आहे ना, ती..."

"मी नाही थांबायचे तिथं."

तो तसाच, सँडल घालून, तिच्यासमोर स्टुलावर बसला. "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. मी काय बहिरी आहे?"

"मग राग नाही आला?"

"आला की. म्हणून तर रोज येते." तिनं कप खाली ठेवला. "थांबले असते तर बाबांना वाटलं असतं, ही बाहेर रडतेय, म्हणजे आपलं काही खरं नाही. म्हणून मुद्दाम पाय आपटत जायचे. घरात कुणी तरी हिंडतंय, आपण एकटे नाही, एवढं त्यांना ऐकू यावं. आणि घर मला हवं होतं, तेही खरं. उगाच त्या बाईला गरीब गाय करून ठेवाल, तर मी बघायचं सोडून देईन."

दुसऱ्या दिवशी त्यानं पावलं काढली. थांबला नाही. उलट दारापाशी किंचित जोरातच टाच टेकवली आणि पुढे गेला. पडद्यावर म्हाताऱ्यानं डोळे मिटले. ते त्या चित्रात आधीपासूनच होतं, पण आजवर तो नुसता दमलेला वाटत होता. आता निर्धास्त वाटला. दिग्दर्शिकेनं तेवढा तुकडा तीनदा पाहिला.

"थांबत नाहीये ती, काका."

"नाही."

"आणि मला अजूनही आवडत नाही."

"आवडणार नाहीच."

तिनं चौथ्यांदा पाहिलं. "राहू दे. वरच्यांशी मी भांडते."

तो भाग लागला त्या संध्याकाळी तिघं टीव्हीपुढे बसली होती. पावलं दारावरून गेली. बायकोनं डोळे पुसले. "आता बघा, कपाटाच्या किल्ल्या शोधेल. हावरट मेली," ताई सुखानं म्हणाली.

त्याला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "ताई, पलीकडच्या खोलीत मीही असायचो. तुझी पावलं ऐकू आली की मला वाटायचं, सगळं ठीक आहे."

ताईनं पडद्यावरची नजर काढली नाही. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुझ्या दारावरूनही मी जोरातच जायचे."