पापडांचा व्हरांडा

मुलांनो, तुम्ही विचारता, आजी फुलांचे सोडून सारखे जिन्यांचे आणि ओट्यांचेच फोटो का पाठवते? काल आम्ही नव्या इमारतीत राहायला आलो. इथली सवय झाली की जुनं नीट सांगता येणार नाही, म्हणून आजच लिहिते.

उल्हासनगरला कॅम्प एकमधली आमची बराक म्हणजे एका रांगेत खोल्या आणि सगळ्यांपुढून जाणारा एकच लांब व्हरांडा. शेजारची सिंधी भाभी तिथे चौघीजणींना घेऊन विकायचे पापड लाटायची. प्रत्येकीचा खांब ठरलेला. पाठ टेकून टेकून खांब तेवढ्याच उंचीवर गुळगुळीत झाले होते.

बराक पाडून इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशात व्हरांडा नव्हता. समोरासमोर दारं आणि मध्ये अरुंद बोळ. भाभीचं काम बंद पडणार होतं. ती भांडायला गेली, तर नकाशा काढणारा इंजिनिअर म्हणाला, "व्हरांडा वापरता ना? मग फोटो आणून दाखवा."

भाभीने मला गाठलं. "ताई, तुम्हीच काढा. गटाराचे पण काढता, आमचा काढायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर व्हरांडा धुतलेला, दोरीवरचे कपडे उतरवलेले, आणि पाचही जणी लग्नातल्या साड्या नेसून रांगेत उभ्या.

"अगं, पापड कुठायत?"

"फोटोमें पसारा कशाला? लोग क्या बोलेंगे?" भाभी म्हणाली.

"लोकांचं सोड. एवढी रिकामी जागा बघून तो इंजिनिअर म्हणेल, इथे अजून दोन खोल्या बसतील!"

एकजण खुदकन हसली. "घ्या! सकाळपासून घासून घासून आपणच आपली जागा घालवत होतो."

भाभीने जरीचा पदर खोचला आणि पापडांच्या खाटा बाहेर ओढल्या. पोळपाट आले. सगळ्या आपापल्या खांबाला टेकल्या आणि थोड्या वेळाने मला विसरल्या. मग मी फोटो काढला. पसरलेले पाय, खाटेखाली झोपलेलं मांजर, पिठाचा हात वर करून दूधवाल्याला वाट देणारी भाभी. कोणाचं काम कोणामुळे थांबत नव्हतं आणि कोणाला कोणाची अडचणही होत नव्हती. त्यांनी त्या चिंचोळ्या जागेचं जे केलं होतं, ते मोठमोठ्या दिवाणखान्यांत मला दिसलेलं नाही.

दुपारीच आम्ही दोघी इंजिनिअरकडे गेलो. त्याने फोटो बराच वेळ पाहिला. "हे सगळं रोज असतं?"

"रोज. आज फक्त साड्या चांगल्या आहेत," भाभी म्हणाली.

सगळ्या मजल्यांवर जमणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

बराक गेली, खांबही गेले. पहिल्या मजल्यावर जुन्याच्या निम्म्या लांबीचा व्हरांडा आहे, आणि आज सकाळी तिथे पापड वाळत होते.