कॉम्प्युटर उघडेपर्यंत

पायाच्या अंगठ्यानं कॅबिनेटचं बटण दाबायचं, मग पाय लागला म्हणून वाकून त्याच कॅबिनेटच्या पाया पडायचं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायचं, "येऊन राह्यला. बसा." आमच्या नेरच्या पत्रिकावाल्या काकांचा दिवस असा सुरू व्हायचा. कोणी पाहुणा अमरावतीच्या बसमधून उतरून चालत येतोय, अशा थाटात ते कॉम्प्युटरबद्दल बोलत. नवखं गिऱ्हाईक तर खरंच वळून दाराकडे बघायचं.

माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. ते लग्नपत्रिका छापायचे, मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. आता तुम्हीच सांगा, मधे एक भिंत, भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे अख्ख्या तालुक्यातला सगळ्यात मंद कॉम्प्युटर! माझी काय अब्रू राहत असेल?

"काका, एसएसडी टाकून घ्या," मी सांगून सांगून थकले. "तुमच्या जुन्या डिस्कमध्ये चकती फिरते, तिच्यावर एकेक गोष्ट शोधत बसावी लागते. ह्यात फिरायचं काहीच नाही. बटण दाबलं की उघडलाच."

"टाकू ना. सीझन होऊ दे."

सीझन संपला की म्हणायचे, "आता कोन येऊन राह्यलं? कायले घाई?" आषाढात लग्नं नाहीत, म्हणून गरज नाही. पितृपक्षात नवी वस्तू आणायची नाही. दिवाळीत दुकानाची साफसफाई. आणि तुळशीचं लग्न लागलं की झालाच सीझन सुरू! साऱ्या पंचांगात एसएसडीला म्हणून मुहूर्त नव्हता. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

त्यांची खरी भीती वेगळीच होती. "माहे फॉन्ट गेले तं?" मराठी फॉन्ट कोण्या जुन्या मित्रानं कधीकाळी टाकून दिलेले, त्याच कळफलकावर बोटं बसलेली. शिवाय आजवरची सगळी डिझाइनं त्यातच. गणपतीची, बुद्धमूर्तीखाली 'मंगल परिणय' लिहिलेली, तांड्यावरच्या लग्नांची. सगळं जसंच्या तसं उतरवून देते, अशी मी गळ्याची शपथ घेतली तरी काका माझ्याकडे असे पाहायचे, जणू मी त्यांच्या ऑपरेशनचीच गोष्ट काढली आहे.

आणखी एक कारण त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं होतं.

"पोरी, पत्रिका घेऊन येनारा मानूस लय गरम असते. याचं नाव वर काहून, त्याचं खाली काहून, मामाचं राह्यलं, आत्याचं चुकलं. मशीन उघडेपर्यंत चहा होते, मानूस थंडा होते. मंग मी लिवतो."

"काका, हे सगळे बहाणे आहेत."

बहाणे तर होतेच. पण तणतणत आलेली माणसं त्यांच्या दुकानातून हसत बाहेर पडताना मीही रोज पाहत होते, ते काही खोटं नव्हतं.

मग एका सकाळी त्यांच्या टेबलाखालून टिकटिक ऐकू आली. मी काहीतरी मागायला गेले होते. काकांनी टेबलावर बोट वाजवलं आणि म्हणाले, "सत्य हाये. पाल बोलली."

"पाल नाही, तुमची डिस्क बोलली! आणि सत्यच बोलली, मी चालले म्हणते आहे."

मंद असणं वेगळं आणि आवाज करणं वेगळं. नुसती मंद डिस्क पुष्कळ दिवस ओढते. टिकटिकणारीचा भरवसा नाही, सकाळी आहे तर दुपारी नाही. हे मी त्यांना बसवून समजावलं.

"पन भर सीझनात?" काका कळवळले.

"भर सीझनातच. आज ही बसली तर अर्ध्या तालुक्याच्या पत्रिका घेऊन बसेल. मग वरातीला काय तोंड दाखवाल?"

ही मात्रा लागू पडली. काकांनी कॅबिनेटला उदबत्ती ओवाळली आणि मगच मला स्क्रू काढू दिला. मी जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवत होते तोवर ते स्टुलावर बसून होते, तोंडात सुपारीसुद्धा टाकली नाही.

शेवटी त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं. पाया पडायला वाकले आणि वर पाहतात तो पडदा उजळलेला!

"आला बी?"

फॉन्ट जागच्या जागी, डिझाइनं जागच्या जागी. मग काय विचारता! समोरचा न्हावी बोलावला, चहावाला बोलावला, बंद करून पुन्हा चालू करून दाखवला. "पाहा बावा, बटन दाबलं का आला!" साठी उलटलेला माणूस, पण त्या दिवशी जत्रेतून नवं खेळणं घेऊन आलेल्या लेकरासारखा नाचत होता.

त्या नाचातच घोटाळा झाला.

जवळच्या खेड्यातले बाळूभाऊ आपल्या मुलीची, स्वातीची पत्रिका छापायला आले. मजकूर आधीच लावून ठेवलेला होता. निमंत्रकात सगळ्यात वर बाळूभाऊंच्या थोरल्या भावाचं नाव, म्हणजे स्वातीच्या मोठेबाबांचं. पण त्या पावसाळ्यात दोघा भावांचं धुऱ्यावरून वाजलं होतं. वावराच्या बांधावरून भांडण म्हटल्यावर ते साधं नसतंच.

"मोठ्याचं नाव काढून टाका," बाळूभाऊ उभ्याउभ्याच म्हणाले. "माह्या पोरीच्या पत्रिकेवर तो नाई पाह्यजे."

एरवी काकांनी त्यांना बसवलं असतं. पण आता मशीन समोर उघडंच होतं. "हे घ्या, काढलं!" म्हणत काकांनी नाव पुसलंसुद्धा. संध्याकाळी पत्रिका छापून तयार.

दुसऱ्या दिवशी स्वाती तो गठ्ठा छातीशी धरून आली. आवाज चढलेला ऐकून मी भिंतीपलीकडे धावले.

"काका, मोठेबाबाचं नाव कुठी हाये?"

"तुह्या बाबानं काढायले लावलं."

"अन् तुम्ही काढलं?"

स्वातीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "कालेजले होती तोवर मी त्याहीच्याच घरी राह्यली. परीक्षेले मोठेबाबा मले सायकलवर नेऊन सोडत. ते नाई आले तं मी मांडवात उभी नाई राहत. सांगून ठेवते."

"वाटल्या का पत्रिका?" काकांनी घाबरत विचारलं.

"एकच. देवाजवळ ठेवली."

"मंग देवाले मी सांगतो. तू गठ्ठा इथं ठेव अन् घरी जा, माय."

ती गेल्यावर काका माझ्याकडे वळले. "लय जलद करून ठेवलं वं पोरी हे."

माझं डोकंच सटकलं. "वा! मग बसवू का जुनी परत?"

काका सुपारी चघळत बसले. मग म्हणाले, "नाई. मशीन जलदच राहू दे. उशीर मी करतो."

त्यांनी बाळूभाऊंना फोन लावला, पत्रिकेत चूक झाली आहे, या. आणि ते दारात दिसताच हळूच पडद्याचं बटण दाबून पडदा काळा केला. "येऊन राह्यला. बसा."

"काल तं पटकन आलता," बाळूभाऊ म्हणाले.

"थंडी हाये ना आज."

मी हातात उगीच एक माउस धरून कोपऱ्यात बसले. हसू आवरेना. चहा आला. काकांनी कालची पत्रिका बाळूभाऊंच्या हातात दिली, "तोवर एकडाव मोठ्यानं वाचून पाहा." बाळूभाऊ वाचत गेले. श्रीकृपेकरून झालं, वर झाला, वधू झाली, मुहूर्त झाला. निमंत्रकापाशी आले तर तिथं त्यांचं एकट्याचं नाव.

"तुमच्या स्वताच्या लग्नात वर कोनाचं नाव होतं, भाऊ?" काकांनी बशीत चहा ओतत विचारलं.

"बाबा नव्हते तवा. दादाचंच होतं." बाळूभाऊ पत्रिका उलटीपालटी करत राहिले. "मांडवबी त्यानंच घातलता."

"धुरा तं वावरातच राहते, बाळूभाऊ. कुठी पयून नाई जात. लग्न होऊ द्या, मंग भांडा मनसोक्त."

बाळूभाऊंना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "टाका मंग. वर टाका. माह्या वरतं."

काकांनी पडद्याचं बटण दाबलं. पत्रिका समोर, आणि मोठेबाबांचं नाव सगळ्यात वर, ठळक अक्षरात, आधीच लिहिलेलं.

बाळूभाऊ बघतच राहिले. "हे तं..."

"मशीन नवी हाये ना, भाऊ. लय जलद हाये."

मी तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाले. मागून काकांचा आवाज आला, "पन दादाले ही फोनवर नाई पाठवायची बरं. स्वता जाजा, कुंकू अन् अक्षता लावून हातात देजा."

काका मागच्या वर्षी पुसदला लेकीकडे राहायला गेले. भिंतीपलीकडे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिथं कोणी कोणाला बसा म्हणत नाही. मला करमत नाही, स्पष्टच सांगते. त्यांची आठवण आली की मला स्वातीच्या लग्नाची संध्याकाळ आठवते.

काकांना लग्नाला जाता आलं नाही, सीझन ऐन भरात होता. मी जाऊन आले आणि दुकानाचं शटर उघडलं, तर हे गिऱ्हाइकाला बसवून माझ्या दारात हजर.

"आले का मोठेबाबा?"

"आले."

काकांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला नाही. कसा जाईल? रुसलेला माणूस लग्नाला येतो, अक्षता टाकतो आणि पाण्याला न शिवता निघून जातो, हे आपल्याकडे किती घरांत झालेलं आहे. त्यापेक्षा न आलेला बरा.

"जेवले का पन?"

"नाही," मी म्हटलं.

काका एकदम खाली बसले, माझ्या दुकानाच्या पायरीवर. चेहरा इतकासा झाला. मला खरं तर त्यांना आणखी जरा छळायचं होतं, पण ते तोंड बघून माझ्याच्यानं राहवलं नाही.

"कमरेला दुपट्टा बांधून वरणाची बादली घेऊन फिरत होते, काका. मलाच दोनदा आग्रह करून वाढलं. पाहुण्यांची पंगत उठल्याशिवाय घरचा माणूस कसा जेवेल?"