विळ्याच्या मुठीचा चमचा

माझ्या नातीचा हात जन्मापासून थरथरते. घास तोंडापर्यंत जाईस्तोवर भात सांडून जाते. आजी तिचं मनगट धरून जेवू घाले. आजी मेली, तवापासून मी भरवतो. पण आम्ही सारे मेलो की कोण?

म्हणून घरीच चमचे बनवून राहिलो. दांड्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली, बांबू बसवला. पोरीच्या हातात एकही थांबेना. शेवटी बायकोच्या विळ्याची मूठ काढली. धान कापून कापून तिच्या बोटांचे खळगे त्या लाकडात पडले होते.

सून म्हणाली, "मामाजी, मेलेल्या माणसाचा विळा कायले मोडता? जीव असते त्यात."

"असला तं कामी येईल," मी म्हणालो.

चमचा तोंडाकडं वाकवून मुठीत ठोकला. दुपारी पोरीनं धरला. हात थरथरला, मग एकदम थांबला. भात सरळ तोंडात गेला. दाणा सांडला नाही.

दुसऱ्या घासाला पोरीनं आपल्या मनगटाकडं पाहिलं अन् चिडून म्हणाली, "सोड ना वं आजी! माझी मी खातो."

सून उठून बाहेर गेली. 'सोडू नको,' असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी ताट पोरीकडं सरकवलं.

तिसऱ्या घासाला हात पुन्हा थरथरला. अर्धा भात सांडला. उरलेला अर्धा पोरीनं खाल्ला.