लावणीसाठी जोडलेला अंगठा

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजला तेव्हा मी पस्तिशीत होते. भाताची लावणी करताना आम्ही बायका वाकून मागे मागे सरकतो. दर पावलाला आधी अंगठा चिखलात रुततो आणि मुडपतो. दोन पावसाळे मी दात आवळून काढले. तिसऱ्या वर्षी कळंबच्या आमच्या शेतात मला रोपांच्या मुठी वाटायला बांधावर बसवलं. ते काम म्हाताऱ्यांचं. मला ते मानवलं नाही.

कापणी आटोपल्यावर मोठ्या जाऊबाईंबरोबर मुंबईचा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, सांधा कायमचा जोडून टाकू. दुखणं थांबेल, पण अंगठा तिथे पुन्हा वाकणार नाही.

“मग पाय सपाट होईल का?” मी विचारलं. गावात सगळ्यांनी तेच सांगितलं होतं.

त्यांनी माझा दुसऱ्या पायाचा अंगठा वर उचलला. तळव्याची कमान उंच झाली. “ही ओढ कमी होईल. पण अंगठा जमिनीला नीट टेकत राहिला तर कमान सहसा खचत नाही. म्हणून किती वर करून जोडायचा, ते महत्त्वाचं. नेहमी अशाच चपला घालता ना?”

माझ्या पायांत उंच टाचेच्या चपला होत्या. मुंबईला जायचं तर आमच्याकडे कोणी घरच्या अवतारात जात नाही. शेजारीपाजारी मागून चांगलंचुंगलं घालतो. मी मान डोलावली.

“खोटं बोलते ही,” जाऊबाई म्हणाल्या. “चपला माज्या लेकीच्या हायत. ही सदा अनवाणी. पावसाळाभर तर चिखलातच असते.”

डॉक्टर हसले नाहीत. चपला काढायला लावून त्यांनी मला फरशीवर उभं केलं. “या टाचेच्या अंदाजाने जोडला असता, तर शेतात अंगठा अधांतरी राहिला असता. दवाखान्यात नटून येऊ नका, बाई.”

शस्त्रक्रिया झाली. प्लॅस्टर निघाल्यावर पहिल्या आंघोळीनंतर ओट्यावर ओलं पाऊल उमटलं, ते सबंध भरलेलं.

“झाला गं पाट!” जाऊबाई म्हणाल्या.

ठसा सुजेमुळे भरला होता. चालताना मात्र भीतीने मी अंगठा टाळून पायाच्या बाहेरच्या कडेवर चालत होते. डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. अंगठ्यावर भार देत चालले. रोज आंघोळीनंतर ठसा बघायचा, हा माझा नेमच झाला. होळीच्या सुमारास ठशात मधे कोरडी जागा दिसू लागली. डाव्या पायाइतकी नाही, पण होती.

लावणीला उतरले तेव्हा जुनी सवय नडली. अंगठा मुडपेना, म्हणून सगळं पाऊल एकदम मागे टेकवायला शिकले. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या मागे पडले.

“मुठी वाटतेस का गं?” जाऊबाई ओरडल्या.

“तुमीच बसा बांधावर. वय झालंय तुमचं!”

चौथ्या दिवशी माझी ओळ त्यांच्या ओळीबरोबर संपली. पाय धुऊन मी दगडावर चढले. जाऊबाईंनी आधी माझा ओला ठसा पाहिला, मग मला.

“उद्या खालचं खाचर धरू,” त्या म्हणाल्या. “तू नि मी.”