फव्वाज हवालदाराची सोयरीक

जेरिकोच्या चौकात शिट्टी फुंकणाऱ्या फव्वाजला कुणी साधा वाहतूक पोलीस म्हटलं, की त्याच्या मिशा थरथरायच्या. "साधा कशाला? आपल्या लोकांचा पोलीस!" आणि खोटं नव्हतंच ते. इस्रायली सैन्य हटून आपली सत्ता गावात आली, गच्च्यांवर झेंडे चढले, तेव्हा पहिल्या भरतीत उभे राहिलेल्यांतला तो. पहिला गणवेश इतका ढगळ मिळाला, की आत आणखी एक फव्वाज मावला असता. बायकोने, नुझाने, तो उसवून पुन्हा अंगासरसा शिवला. पण इस्त्री तो स्वतः करायचा, तिलासुद्धा हात लावू द्यायचा नाही. केळ्यांची हातगाडी असो की सख्ख्या मेहुण्याची टॅक्सी, चुकली की शिट्टी वाजलीच. मेहुणा वर्षभर तोंड फिरवून होता. फव्वाजला त्याचाही अभिमान!

त्याचं राज्य मात्र गावाबाहेरच्या शेवटच्या केळीच्या बागेपाशी संपायचं. पुढचा रस्ता इस्रायली सैन्याच्या ताब्यात. तिथून गणवेशात जायचं, तर आधी त्यांची परवानगी काढावी लागायची. त्याच रस्त्याच्या टोकाला, डोंगरावर, ऐन रुम्मान नावाचं गाव, आणि त्या गावात सबरी मास्तर.

मास्तरांनी उभा जन्म इतिहास शिकवला होता. बाजाराला खाली जेरिकोत उतरले, की चौकातल्या चहावाल्याकडे बसून फव्वाजची फिरकी घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही.

"काय अबू बिशर, राज्य काय म्हणतंय?" बिशर हा फव्वाजचा थोरला, म्हणून गाव त्याला अबू बिशर, बिशरचा बाप म्हणायचं.

"झकास चाललंय, मास्तर."

"कसलं झकास! राज्याला जमीन लागते, माणसं लागतात, सरकार लागतं, आणि दुसऱ्या राज्यांशी बरोबरीने बोलायची ताकद लागते. तुझ्याकडे माणसं आहेत आणि एक शिट्टी."

"पण शिट्टी वाजवली की गाड्या थांबतात ना?"

"थांबतात. आणि रणगाडा आला तर?"

"मग मी थांबतो," फव्वाज म्हणायचा, आणि दोघं पोट धरून हसायचे.

असं ते प्रेम. त्यात मास्तरांच्या मुलीवर, रुबावर, बिशरचा जीव जडला. दोघं एका कॉलेजात शिकलेली, तिलाही तो पसंत, दोन्ही आयांनी तर मनातल्या मनात अक्षता टाकून घेतल्या होत्या. राहिला होता फक्त रिवाज. वडीलधारे गोळा करून मुलीच्या दारी जायचं. कॉफी समोर येते, पण प्यायची नाही. पुढारी पेला खाली ठेवून मागणं घालतो, आणि मुलीचा बाप म्हणतो, "प्या कॉफी, दिली मुलगी." मग जमलं.

फव्वाज नवा सूट घालून गेला. पुढारी म्हणून म्हातारे हाजी मन्सूर. त्यांनी पेला ठेवला, मागणं घातलं. पण समोर एवढी बैठक भरलेली बघून मास्तरांमधला मास्तर जागा झाला.

"हाजी, मुलगी द्यायला माझी ना नाही. पण एका राज्याचा अंमलदार माझा व्याही होणार, आणि तो सुटात? आपल्या राज्याच्या गणवेशात येऊ दे की माझ्या दारात! मग म्हणतो, प्या कॉफी."

बैठक खदखदून हसली. आणि मग एकेकाचं हसू मावळलं. कारण त्या कॉफीवर बोललेला शब्द म्हणजे अट. उचलली जीभ लावली टाळ्याला! एवढा शिकलेला माणूस, पण एवढं कळू नये? शब्द मागे घ्यावा, तर फव्वाजवर दया दाखवल्यासारखं होणार, आणि तो ती घेणारा नव्हता. कॉफी निवली, तशीच आत गेली. रुबाने बापाशी बोलणं टाकलं, आणि मास्तर अंगणात येरझारा घालू लागले.

फव्वाज परवानगीसाठी आपल्या साहेबाकडे गेला. साहेब हसला, पण कडवट.

"अरे, चोरामागे जायला परवानगी मागतो, तर ती येईपर्यंत चोराला नातवंडं होतात. कॉफीसाठी काय सांगून मागू?"

बिशर हात जोडून म्हणाला, "बाबा, नका जाऊ. पकडतील तुम्हाला. आम्ही थांबतो, मास्तर विसरतील."

"मास्तर विसरतील रे. मी नाही विसरणार." एवढं बोलून फव्वाजने गणवेशाच्या सदऱ्याला इस्त्री केली.

केळीच्या बागा मागे पडल्या. गाडीत गणवेशातला फव्वाज, हाजी मन्सूर आणि मागे बिशर. अर्ध्या डोंगरावर वळणापलीकडे सैन्याचा नाका लागलेला. बिशरएवढाच एक सैनिक खिडकीशी वाकला.

"हे कपडे या रस्त्यावर चालत नाहीत. परवानगी?"

"नाही."

"मग सदरा आणि टोपी इथे ठेव. नाहीतर माघारी जा."

हाजी मन्सूर म्हणाले, "चल बाबा, परत जाऊ." फव्वाजने मागे बसलेल्या बिशरकडे पाहिलं. मग खाली उतरून एकेक बटण काढलं, सदऱ्याची नीट घडी घातली, टोपी वर ठेवली आणि दिली. हाजींनी आपला कोट पुढे केला.

"नको, हाजी. अट गणवेशाची होती. जेवढा उरलाय, तेवढा दिसू दे."

ऐन रुम्मानात फेब्रुवारीचा वारा हाडं फोडत होता. फव्वाज गाडीतून उतरला तो निळी पँट, चकचकीत बूट आणि नुझाने रफू केलेलं बनियन घालून. दारातली माणसं जागच्या जागी थिजली.

"मास्तर, सदरा वाटेत राहिला," फव्वाज म्हणाला. "बाकी सगळा आलोय. पुरतंय का बघा."

मास्तर पुढे झाले. त्यांनी अंगावरचा झगा काढून त्याच्या खांद्यावर घातला. फव्वाजने तो काढून परत हातात दिला.

"आधी उत्तर द्या."

मास्तरांनी झगा खुर्चीवर टाकला. मग सदऱ्याची बटणं काढायला लागले. "मास्तर, खूळ लागलं का?" हाजी ओरडले. पण म्हातारा ऐकेना. सदरा काढून, बरगड्या मोजून घ्याव्यात असा बनियनवर उभा राहिला, आणि कुडकुडत फव्वाजशेजारी एकाच गादीवर बसला.

"आपला गणवेश आपल्याच रस्त्यावर का चालत नाही, हा प्रश्न मी दुनियेला विचारायला हवा होता," मास्तर म्हणाले. "विचारला तुला. माझं चुकलं, अबू बिशर. दिली मुलगी. पी कॉफी."

स्वतःच्या हाताने त्यांनी पेला भरला. निम्मी कॉफी गादीवर सांडली. नाक्यावर फव्वाजच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मिशांवरून ओघळ लागले, पेल्यात पडले, आणि त्याने ती कॉफी तशीच पिऊन टाकली.