फौजदारांची डावीकडे जाणारी गाडी

समस्त नगरकरांनी, गुडघे साथ देत असतील तर उभं राहून, ऐकावी अशी एक गंभीर बाब मी आज जाहीर करतो आहे. नागापूरच्या एमआयडीसीत, एका बंद शेडच्या सिमेंटच्या अंगणात, रिमोटवर चालणारी एक हातभर गाडी दर रविवारी मालकाच्या इच्छेविरुद्ध डावीकडे वळत असे, आणि तो घातपात होता. हे मत माझं नव्हे, फौजदारांचं.

फौजदार पोलिसात कधीच नव्हते. ते आमच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि सुटीच्या भोंग्याला गेटवर उभे राहून आमच्या डब्यांत नट-बोल्ट शोधत. एकदा त्यांनी माझा डबा हातात तोलला. "जड का रं?" मी म्हणालो, भाकरी उरली. "का उरली?" याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

निवृत्तीनंतर मुलाने विरंगुळा म्हणून ती गाडी आणून दिली. आम्ही तिघंचौघं जुने सहकारी आधीच त्या नादात होतो, त्यामुळे त्यांच्या संशयाला ऐन उतारवयात नवं कुरण मिळालं. गाडीतल्या रिसिव्हरने फक्त आपल्याच रिमोटचं ऐकावं म्हणून दोघांची ओळख करून द्यावी लागते. रिसिव्हरचं बारीक बटण काडीने दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागला की रिमोट चालू करायचा. दिवा स्थिरावला की झालं. फौजदार याला सोयरीक म्हणत, आणि सोयरीक जमवताना आमचे रिमोट बंद करून त्यांच्या पंच्यावर ठेवावे लागत. निवडणुकीत बंदुका जमा करतात तसे. "मधीच कुनी डोळा मारला तं?" असं त्यांचं म्हणणं. मग आमच्या प्रत्येक रिमोटने त्यांची गाडी हलते का, याची तपासणी. ती हलत नसे. तेही त्यांना संशयास्पद वाटे.

आणखी एक नेम होता. आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना उलट. हे बरोबरच आहे, पण कारण त्यांच्याच तोंडून ऐकावं: "धनी जागा झाल्याबिगर बैल सोडतो का आपन? येनारंजानारं कुनीबी हाकलील."

तर ती गाडी. रविवारी अंगणात ठेवली की डावीकडे झेपावायची ती थेट गटारात. मग फौजदार तिला उलट्या पातेल्यावर ठेवत, चाकं अधांतरी, आणि रिमोटवरचा छोटा गोल खटका टिचकी टिचकीने फिरवून पुढची चाकं सरळ करत. उरलेला दिवस गाडी गुणी. घरी रिमोट कुलूपबंद पेटीत, किल्ली जानव्याला. पुढच्या रविवारी पुन्हा डावीकडे.

एका रविवारी बापू बोलून गेला, "आता वळंल बघा डावीकडं." वळलीच! बापू म्हणजे फौजदारांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, एकाच दिवशी कारखान्यात लागलेला, सकाळचा चहा एकत्र घेणारा. फौजदारांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या डब्यात अख्खं लेथ मशीन सापडलं आहे. "माल कुठं हाय ते ज्याला म्हाईत, त्यानंच तो ठिवलेला असतो," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "भिंतीपल्याडून सोयरीक मोडतो त्यो." त्या दिवसापासून चहा बंद, बोलणं बंद. बापू दारावरून जाताना मुद्दाम खाकरायचा. आतून रेडिओ मोठा व्हायचा.

आज फौजदार नाहीत. त्यांच्या पंच्यावर रिमोट जमा करायची सवय मात्र आम्हाला राहिली आहे, आणि माझी भाकरी उरली तर मी अजूनही मनाशी खुलासा तयार ठेवतो.

तर, तो अबोला चालू असतानाच बापूने खर्ड्याला, गावी, कायमचं राहायला जायचं ठरवलं. शेवटच्या रविवारी अंगणात निरोपाचा बेत होता. फौजदार आले, पण बापूकडे पाठ करून बसले. त्यांनी रिमोट चालू केला, गाडी चालू केली, पातेल्यावर ठेवली, तर चाकं आधीच सरळ. बापूचा रिमोट पंच्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. एवढ्यात काकू, म्हणजे फौजदारांची बायको, ताट घेऊन आल्या. दसऱ्याला हत्यारांबरोबर रिमोट पुजला, तेव्हापासून गाडी बाहेर काढण्याआधी त्या दर रविवारी घरी त्याला हळदकुंकू लावत. आज बापूला ओवाळायचं होतं, म्हणून पूजाही इथेच.

फौजदारांनी हात जोडून डोळे मिटले. आठवड्यात ते डोळे मिटत ते बहुधा एवढेच. काकूंनी ओलं बोट कुंकवात बुडवलं, रिमोटवर शोभेलशी गोल जागा बघितली, म्हणजे तोच खटका, आणि भक्तिभावाने बोट दाबून ओढलं.

पातेल्यावर गाडीची चाकं सावकाश डावीकडे वळली.

बापूने तोंडात रुमाल कोंबला. पूजा आटोपली असेल म्हणून फौजदारांनी डोळे उघडले. चाकं पाहिली. पंच्यावरचा बापूचा रिमोट पाहिला. मग काकूंचं लाल बोट.

"अगं बया," काकू म्हणाल्या, "म्हंजी गटारात मी घालीत हुते व्हय?"

फौजदारांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जन्मभर डबे तपासणाऱ्या माणसाला चोर सापडला होता, आणि तो त्याच्याच घरचं कुंकवाचं ताट घेऊन उभा होता. ते उठले, बापूपुढे जाऊन उभे राहिले. बापूचा टेम्पो भरून झाला होता, जायची वेळ झाली होती. आणि मग फौजदार एकदम, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असे ओरडले,

"खर्ड्याला मी येनार हाय गाडी घिऊन, चहा टाकून ठिव! पन तुझा रिमोट आधी जमा करायचा, सांगून ठिवतो!"